अटकेतला माणूस आणि मराठी लेखक

संपादकांचे पत्र श्रावणात आले. दिवाळी अंकासाठी आपल्या आवडीच्या एखाद्या मराठी कलाकृतीवर लिहा, अशी आज्ञा होती. आवडीची पुस्तके पुष्कळ. त्यांपैकी एखाद्यावर, फराळाबरोबर वाचता येतील असे चार शब्द लिहिणे मुळीच अवघड नव्हते. पण त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि त्याने सगळा बेत मोडला. म्हणून आज आवडीच्या पुस्तकाऐवजी एका फसलेल्या पानापासून सुरुवात करतो. पान माझ्याच कादंबरीतले आहे. तेव्हा कोणी लेखक रागावेल ही भीती नाही.

हा विद्यार्थी आता कोल्हापुरात एका वकिलांच्या हाताखाली काम शिकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, तेव्हापासून आमच्या भागातल्या तरुण वकिलांना नवी उमेद आली आहे, तोही त्यांतलाच. चहा झाला. पाऊसपाणी, उसाची लावण, बिद्रीच्या कारखान्याचा येता हंगाम, सगळे बोलून झाले. मग पिशवीतून माझी कादंबरी काढून तो म्हणाला,

"गुरुजी, राग मानणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की."

"हितं गणपाला पोलीस नेत्यात. कशापायी नेलं, ते त्याला सांगितलं का? कुठल्या ठाण्यात नेलं, ते त्याच्या आईला कुणी कळवलं? दुसऱ्या दिवशी कोर्टापुढं उभं केलं का? तुमच्या पुस्तकात तो एकदम चार दिवसांनी घरी येतो. मधले दिवस कुठं गेले?"

मी पान उघडून पाहिले. त्यावर इतकेच होते की पहाटे पोलीस आले, गणपाला घेऊन गेले, आणि अंगणातली तुळस वाऱ्यावर डोलत राहिली. ही तुळस मला फार प्रिय होती. एका परीक्षकांनीही तिचे कौतुक केले होते. त्या दिवशी प्रथमच माझ्या ध्यानात आले की, एका माणसाचे चार दिवस जिथे लिहायला हवे होते तिथे मी एक रोप लावून मोकळा झालो होतो.

तो जे बोलला नाही ते मला अधिक लागले. गणपा सर्वस्वी कल्पनेतला नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वी, मुसळधार पावसाच्या एका रात्री, गावातली एक बाई माझे दार वाजवीत आली होती. तिच्या थोरल्या मुलाला नेले होते. "गुरुजी, पोराला न्हेलं. कुठं न्हेलं, कशापायी न्हेलं, कोण सांगंना. तुम्ही शिकल्यालं, तुम्ही चला," असे ती म्हणत होती. मी तिला आत घेतले, चहा दिला आणि म्हणालो, "सकाळी बघू." सकाळी शाळा होती. मुलगा चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला. खटला नाही, कागद नाही. कागदापुरते पाहिले तर काही घडलेच नव्हते. ठाणे कोणते आणि साहेब कोण, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. यात चूक सांगायची आहे ती माझी. त्या रात्री आईच्या ओल्या पदराला धरून पाचवीतला एक पोर दारात उभा होता. तोच आज कायद्याची पुस्तके वाचून माझ्यापुढे बसला होता.

तो गेल्यावर मी कपाटापुढे उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, चूक माझ्या एकट्याची की आम्हा सर्वांची? मराठी लेखकाने अटकेतला माणूस कधी नीट पाहिला आहे काय? पुढचे लिखाण म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

*

मोजायचे तर हातात काही माप हवे. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही आणि कायद्याच्या पुस्तकांचा मला लहानपणापासून धाक. पण या बाबतीतले माप इतके साधे आहे की ते शाळेच्या फळ्यावर मावेल. आपल्या राज्यघटनेच्या २२व्या कलमात तीन गोष्टी आहेत. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगितले पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. त्यांच्या हुकमाशिवाय त्यापुढे एक तासही कोठडीत ठेवता येत नाही. त्याच कलमात पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेला या नियमांतून वगळले आहे, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. पण चोरी, मारामारी, संशय अशा नेहमीच्या अटकेला हे तिन्ही नियम लागू आहेत.

या कलमाचा जन्म कसा झाला तेही सांगण्याजोगे आहे. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमातून "योग्य प्रक्रिया" ही कल्पना गळली आणि कायदेमंडळ करील तो कायदा प्रमाण, असे ठरले. याने घटना समितीत आणि बाहेर पुष्कळ नाराजी पसरली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. त्या वेळी त्याचा क्रमांक १५-अ होता. जे निसटले त्याची ही काहीशी भरपाई आहे, अशीच त्यांची भूमिका होती. म्हणजे नागरिकाचे काही हातातून गेले आहे हे ओळखून, निदान पहिल्या चोवीस तासांत तरी त्याला पायाखाली जमीन मिळावी, या काळजीतून हे कलम आले आहे.

पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७३ची जुनी फौजदारी संहिता गेली. नव्या संहितेतही हे सारे आहे. कारण सांगायचे, नातेवाइकाला किंवा मित्राला ठिकाण कळवायचे, वैद्यकीय तपासणी करायची, चौकशी चालू असताना वकिलाला भेटू द्यायचे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अगदीच अपवादात्मक प्रसंग असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी काढून करायची. गरीब-श्रीमंत न पाहता, कोठडीतल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मागता येतो.

हे माप हाती घेऊन मी कपाट उघडले.

*

पहिला खण तुरुंगवाङ्मयाचा. याबाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले. सावरकरांनी 'माझी जन्मठेप' सांगितली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. ज्या पुस्तकाने महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना रडवले, ते तुरुंगातले पुस्तक आहे याची आठवण पुष्कळांना राहिलेली नसते.

हा खण पाहिला की छाती भरून येते. पण याच खणाने आपली एक दिशाभूल केली आहे, असे मला वाटू लागले आहे. या सर्वांना आपण तुरुंगात का आहोत हे ठाऊक होते. सत्याग्रही तर घरून निघतानाच ओवाळून घेत असे. त्याला अटकेचे कारण पोलिसाने सांगावे लागत नव्हते. तोच पोलिसाला सांगत होता. त्यामुळे तुरुंग म्हणजे तपोवन आणि अटक म्हणजे दीक्षा, हे चित्र आपल्या मनात ठसले. ज्याला कारण माहीतच नाही, ज्याच्या कपाळी ना टिळा ना फेटा, अशा माणसाची अटक या चित्रात कुठे बसेना. तो मग आपल्या कथा-कादंबऱ्यांत एका वाक्यापुरता आला. पोलीस आले आणि घेऊन गेले. माझी तुळस याच मातीत उगवली.

*

असा कारण न कळलेला आरोपी मराठीत प्रथम ठसठशीतपणे मला भेटला तो नाटकात, आणि तोही खऱ्या कोठडीत नव्हे. १९६७ साली रंगमंचावर आलेले विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. वेळ आहे, म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला चालवायचे ठरते आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. या नाटकावर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक स्त्रीच्या कुचंबणेवर आणि मध्यमवर्गाच्या ढोंगावर. ते खरेच आहे. पण मी या खेपेला ते २२वे कलम शेजारी ठेवून वाचले आणि थक्क झालो.

पाहा, कसे आहे ते. बाई आत गेलेल्या असताना बाहेर सर्वांचे संगनमत होते. त्या बाहेर येतात आणि आरोप एकदम तोंडावर फेकला जातो. आरोपीला तयारीला क्षणाचाही अवधी नाही. त्यांना वकील निवडू देत नाहीत. सरकारी वकील सुखात्मे हेच आरोपीचेही वकील होतात. नुसती जागा बदलायची आणि चेहरा बदलायचा. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष द्यायला खाली उतरतात. बाई निघून जाऊ पाहतात तर दाराची कडी बाहेरून लागलेली असते. आणि सगळे जण बोलून दमल्यावर, आरोपीला स्वतःची बाजू मांडायला दहा सेकंद मिळतात. २२व्या कलमाने जे जे द्यायला सांगितले आहे, ते एकेक करून या नाटकात काढून घेतलेले दिसेल. तेंडुलकरांनी घटना समोर ठेवून हे लिहिले, असा माझा दावा मुळीच नाही. माणसाला उघडे पाडायचे तर प्रथम काय काढून घ्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. घटनाकारांनाही तेच ठाऊक होते. दोघेही एकाच जागी पोहोचले, इतकेच.

मी स्वतः शिक्षक असल्यामुळे आणखी एक गोष्ट मला बोचली. त्या कडीची. कडी कोणी मुद्दाम लावलेली नसते. ती तशी लागते. आणि आत असलेल्यांपैकी एकालाही ती उघडावी असे मनापासून वाटत नाही. तिथे एक भला माणूस आहे, गावातला सामंत. तो साधा आहे, कोणाचे वाईट चिंतत नाही. पण खेळ समजावून घेता घेता तोही साक्षीला उभा राहतो. पावसाच्या त्या रात्री चहा देणारा मी आणि हा सामंत, यांत मला फारसे अंतर दिसेना.

*

दुसरा खण आत्मकथनांचा. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पुस्तकात पोलीस हे पात्र नाही, ते हवामान आहे. पावसाळ्यात पाऊस येणार तसे पोलीस येणार. का आले, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारीत नाही, कारण उत्तर जन्मापासून माहीत असते. जात हेच तिथे कलम आहे. गावात वा गावाबाहेर चोरी झाली की या वस्तीत यायचे. माणसे मारायची, न्यायची. आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, ही गोष्ट लेखक आदळआपट न करता सांगतो आणि म्हणूनच ती अंगावर येते.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला. कायदा गेला तरी ठाण्यातल्या माणसाच्या मनातली वही गेली नाही. ती कशी शिल्लक राहिली, हे समजून घ्यायला आम्हा कागलकडच्या माणसांना फार लांब जायला नको. निपाणी ओलांडून बेळगावकडे गेले की भीमराव गस्तींचा मुलूख लागतो. त्यांचे 'बेरड' वाचावे. चोरी कुठेही होवो, बेरडांच्या वस्तीवर धाड ठरलेली, आणि त्याविरुद्ध त्याच वस्तीतला शिकलेला एक तरुण उभा राहतो, अशी ती हकीकत आहे.

इथे आमच्या करवीर संस्थानचा एक दाखला द्यायलाच हवा. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरी राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली. घटना यायला तेव्हा तीन दशके बाकी होती. ज्याने काही केलेले नाही त्याला रोज ठाण्यात उभे करणे हाच मुळी अन्याय आहे, ही गोष्ट एका राजाला कळली होती. आम्ही महाराजांच्या जयंतीला शाळेत भाषणे करवून घेतो. त्यांत वसतिगृहे येतात, राधानगरीचे धरण येते. हजेरीची गोष्ट मी स्वतःही मुलांना या वर्षापर्यंत सांगितलेली नव्हती.

टीकाकार म्हणून या आत्मकथनांबद्दल एक गोष्ट नोंदवतो. आम्ही ती वाचली, हळहळलो, पुरस्कार दिले आणि "विदारक" हा शब्द वापरून बाजूला ठेवली. दुःख पाहिले, त्या दुःखात मोडलेला नियम पाहिला नाही. दुःखाने डोळे भरून येतात आणि तिथेच थांबता येते. नियम मोडला हे कळले की मात्र उठून उभे राहावे लागते. वाचकाला कोणत्या अवस्थेत सोडायचे, हा वाङ्मयाचाच प्रश्न आहे.

*

अलीकडच्या काळात या बाबतीत सर्वांत पुढे गेली ती कादंबरी नव्हे, तर एक चित्रपट. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे नावाचे एक वयस्क लोकशाहीर व्यासपीठावर गात असताना पोलीस येतात. आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. वीरा साथीदारांनी हा शाहीर उभा केला आहे.

हा चित्रपट पाहताना आमच्या घरातली मंडळी पहिल्या अर्ध्या तासात कंटाळली, हे प्रामाणिकपणे सांगतो. यात मारहाण नाही, गर्जना नाही. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. सरकारी वकीलबाई इंग्रजीतली कलमे एका सुरात वाचतात, मग गाडीने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. न्यायाधीश वाईट नाहीत. सुट्टी लागली की सहलीला जातात. कोणीच दुष्ट नाही, आणि एक म्हातारा आत आहे. मृत कामगाराची विधवा साक्षीला येते तेव्हा कळते की गटारात उतरताना अंगावर काही साधन नसे आणि वास सोसण्यासाठी तो दारू पीत असे. आरोपातली हवाच निघून जाते. जामीन होतो. आणि थोड्याच दिवसांत शाहिरांना दुसऱ्या कलमाखाली पुन्हा नेतात.

ताम्हाण्यांनी काय केले? ज्या दिवसांच्या जागी मी तुळस लावली होती, ते दिवस त्यांनी प्रेक्षकाला बसून काढायला लावले. आमच्या घरातला तो कंटाळा म्हणजे दुसरे काही नसून कोठडीतल्या माणसाचा वेळ होता. मला तक्रार करायची तर एकच आहे. कॅमेरा न्यायालयात शांतपणे बसतो, पण ठाण्याच्या दारापर्यंत जाऊन थांबतो. अटकेपासून न्यायालयापर्यंतचे पहिले तास इथेही काळोखातच राहतात.

*

असा सगळा खण उपसल्यावर एक कागद माझ्या मनात येऊन बसला. तो कुठल्याही वाङ्मयेतिहासात सापडणार नाही.

१९८२-८३ची गोष्ट. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल झाला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला शिपाई, अटक होताच कायदा सहाय्य समितीला खबर, दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला मारहाणीबद्दल स्वतः विचारणे, अशा पुष्कळ सूचना त्यात आहेत. त्यांत एक अशी की, अटकेतल्या माणसाचे हक्क सांगणारे पत्रक मराठीत छापावे, हिंदी व इंग्रजीतही छापावे, ते प्रत्येक कोठडीत चिकटवावे, आणि माणसाला ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे.

वाचून दाखवावे! देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मराठी भाषेवर टाकलेली ही जबाबदारी आहे. साध्या, शेंबड्या पोरालाही कळेल अशा मराठीत एक पान लिहा, आणि घाबरलेल्या माणसाच्या कानांवर घाला. याहून कठीण वाङ्मयप्रकार मला माहीत नाही. आपण भाषेच्या गौरवाची व्याख्याने देतो. पण मराठी भाषेचा खरा कस लागतो तो अशा जागी, जिथे ऐकणाऱ्याचे हात कापत असतात.

पुढे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच, वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणात हीच गोष्ट अधिक पक्की केली. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांनी सांगितले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. लगेच लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत. पण रिमांडसाठी न्यायालयात नेण्यापूर्वी निदान दोन तास अगोदर लेखी कागद हातात पडलाच पाहिजे. नाही तर अटक बेकायदा.

अटकेतल्या माणसाचा पहिला हक्क म्हणजे काय, हे मला इथे उमगले. तो हक्क म्हणजे त्याच्या भाषेतले एक वाक्य. तुला अमुक कारणासाठी धरले आहे, हे वाक्य. वकील, जामीन, खटला, सगळे त्यानंतर. ते एक वाक्य मिळाले की माणूस "नाही" म्हणू शकतो. ते नसेल तर त्याने नाही तरी कशाला म्हणायचे? आणि वाक्य हा तर आम्हा लेखकांचा धंदा. मी गणपाला ते वाक्य दिले नाही, कारण ते त्याला मिळायला हवे होते हेच मला माहीत नव्हते.

*

दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला घरातूनच आला. "चोराला कसले आलेत हक्क? ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे काय?" आक्षेप खोटा नाही. ज्याचे गेले त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण धरला त्या क्षणी तो चोर ठरलेला नसतो; तो धरलेला असतो, इतकेच. भलत्याच माणसाला चार दिवस बसवून ठेवले तर खरा चोर चार दिवस लांब जातो. आणि कागद नीट केला तर सरळ मार्गाने काम करणाऱ्या पोलिसाचेही रक्षण होते. आमच्या गावातली दोन-तीन मुले पोलिसात आहेत. त्यांना चोवीस चोवीस तास उभे राहताना मी पाहतो. नियम त्यांच्याविरुद्ध नाही, त्यांच्या बाजूचाही आहे.

दुसरा आक्षेप लेखकमित्रांचा. कादंबरीत कलमे आणली की कला मरते, असे ते म्हणतील. कलमे आणू नयेतच. पण आमच्या कादंबरीत लग्न असले की मुहूर्त, मानपान, रुसवे, आहेर सगळे येते. ऊस असला की पाण्याची पाळी येते, तोडणीची चिठ्ठी येते. मग अटकच तेवढी वाऱ्यावरच्या तुळशीत का विरघळते? किती वाजले होते, कोण साक्षीला होते, आईने कोणाचे दार वाजवले, ही कलमे नव्हेत. ही गोष्ट आहे. गोष्ट टाळली म्हणून कला वाचत नाही.

साक्षीवरून आठवले. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे जे नियम घालून दिले, आणि जे नव्या संहितेतही आले आहेत, त्यांत एक असा आहे की अटकेच्या वेळीच तारीख-वेळ घालून कागद करावा आणि त्यावर निदान एका साक्षीदाराची सही घ्यावी. तो साक्षीदार घरातला असावा, किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस असावा. हे वाचले आणि मी बराच वेळ गप्प बसलो. खेड्यात प्रतिष्ठित माणूस म्हणजे कोण? सरपंच, पोलीसपाटील, आणि शाळेतला मास्तर. कायद्याने त्या कागदावर माझ्यासाठी एक जागा राखून ठेवली होती. बाई मला बोलवायला आली होती ती काही चुकीच्या दारात आली नव्हती.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा योग आहे. तुळस मी काढणार नाही. तिचा काही दोष नाही. पण ते पान आता अकरा पाने झाले आहे. त्यात पाऊस आहे, ठाण्याचे बाक आहे, भिंतीवरचे घड्याळ आहे, आणि कंदील घेऊन एका मास्तराला पुढे घालून आलेली एक बाई आहे. मास्तर भित्राच आहे. तो हवालदारांना नमस्कार करून एवढेच विचारतो, "साहेब, याला कशासाठी आणलंय, ते जरा याला सांगाल का?" यापुढे काय होते ते मी अजून पुरते ठरवलेले नाही. हस्तलिखित त्या विद्यार्थ्याकडे वाचायला दिले आहे. त्याने मार्जिनमध्ये पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली आहे: "गुरुजी, इथे वेळ घाला."

वेळ घातली आहे. रात्रीचे सव्वाअकरा.

दिवाळीत घरोघर माणसे परत येतात. पुण्या-मुंबईची, फौजेतली, माहेरवाशिणी. एखाद्या घरी मात्र कोणी तरी येणे राहून गेलेले असते आणि ते कोठे आहे याची वार्ताही नसते. तशा घरातून कोणी आपले दार वाजवले, तर वाचकहो, चहा अवश्य द्यावा. पण चहा देऊन थांबू नये. १५१०० हा विधी सेवेचा फुकट क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि पायांत वहाणा घालाव्यात.

दिवाळी आपणा सर्वांस सुखाची जावो.